झिओलाइट मिसळलेला कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्रेफाइट पावडर, झिओलाइट वाय (पिंजऱ्यासारख्या सूक्ष्म पोकळ्या असलेला पदार्थ) आणि पॅराफिन तेल खलात घोटून केलेली पेस्ट गेले काही महिने मी तांब्याचे आयन मोजायला वापरतोय. माझं मत चांगलं आहे, पण एक गोष्ट नीट कळल्यावरच ते तसं झालं.

झिओलाइट हा ॲल्युमिनोसिलिकेट, म्हणजे विजेचा अवाहक. त्याच्या पिंजऱ्यात बसलेल्या तांब्यापर्यंत इलेक्ट्रॉन सहज पोचत नाही. आधी द्रावणातला सोडियम आत जातो, तांबं बाहेर येतं आणि मग ग्रेफाइटवर त्याचं क्षपण होतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात. आतल्या आत इलेक्ट्रॉन देवघेव होते की नाही, यावर संशोधकांत बराच वाद झाला. माझ्या कामात मात्र सोडियम-तांब्याच्या या आयन विनिमयाचाच वरचष्मा दिसतो. सोडियम नायट्रेटमध्ये प्रवाहाच्या आलेखात तांब्याचं ठसठशीत पीक (शिखर) येतं. त्याजागी टेट्राब्युटिलअमोनियमचं मीठ घेतलं की ते जवळजवळ मावळतं. टेट्राब्युटिलअमोनियमचा मोठा धनायन (धनभारित आयन) झिओलाइट वायच्या सुमारे ०.७४ नॅनोमीटरच्या खिडकीतून आत शिरूच शकत नाही. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच. दहा पानं वाचून कळणार नाही ते दोन आलेखांत दिसतं. म्हणूनच मी इलेक्ट्रोडइतकाच विचार आधारभूत विद्युतअपघट्याचा, म्हणजे द्रावणात वीज वाहावी म्हणून घातलेल्या मिठाचा करतो.

सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे साठवण. विरल द्रावणात, कोणतंही विभव (व्होल्टेज) न लावता, इलेक्ट्रोड ढवळत ठेवायचा. तांबं आपसूक गोळा होतं. मग धुऊन स्वच्छ सोडियम नायट्रेटमध्ये स्कॅन घ्यायचा, म्हणजे विभव बदलत प्रवाह मोजायचा. साध्या कार्बन पेस्टपेक्षा संकेत कितीतरी मोठा मिळतो. पण नमुन्यात सोडियम, कॅल्शियम भरपूर असतील तर तेही त्याच जागांसाठी झगडतात आणि पीक खुजं होतं. अशा नमुन्यांना थेट कॅलिब्रेशन वक्र लावू नका, प्रमाणित भर पद्धतच (नमुन्यातच तांब्याची माहीत असलेली मात्रा घालून पुन्हा मोजणं) वापरा.

खटकणारी बाब आठवणीची. आधीच्या मापनातलं तांबं रेंगाळतं, पुढच्या कोऱ्या द्रावणातही पीक डोकावतं. संहत सोडियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवणं किंवा वरचा थर काढून गुळगुळीत कागदावर नवा पृष्ठभाग घासणं, हे दोन्ही उपाय चालतात. दुसरा झटपट, पण दर वेळी पृष्ठभाग अगदी सारखा येत नाही.

झिओलाइटचं प्रमाण वाढवायचा मोह आवरा, रोध वाढतो आणि पीक पसरतं. तीव्र आम्लापासूनही जपा. ॲल्युमिनियम जाळीतून निघून जातं. झिओलाइट ए तर त्यात लवकरच ढासळतं.