टमी टक (पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन) करून वर्ष होत आलं, करावं की नाही या विचारात असलेल्यांसाठी

माझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. नंतर वजन उतरवलं, चालणं, जेवणावर ताबा, सगळं केलं, तरी नाभीखाली कातडीची घडी लोंबायचीच आणि इंदूरच्या मे महिन्यात त्या घडीत घाम साचून कातडी सोलवटून निघायची. सासूबाई म्हणायच्या, अगं दोन लेकरं झाली, एवढं राहणारच, आणि त्यांचं काही चूक नव्हतं, म्हणून मीही घाई केली नाही.

आधी हे समजून घ्या की हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाहीच. पोट पुढे दिसतं ते कशामुळे, ते बघा. आत आतड्यांभोवतीची चरबी असेल तर ती या ऑपरेशनने निघत नाही, ती खाण्यापिण्याने आणि व्यायामानेच जाते. सैल कातडी आणि मधून फाकलेले स्नायू, यांच्यासाठी आहे हे.

एका ठिकाणी मी गेले तर डॉक्टर भेटायच्या आधीच काउन्सेलरने लायपोचं (नळीने चरबी ओढून काढायचं) पॅकेज पुढे केलं, या महिन्यात बुक केलंत तर सूट म्हणे. उठून आले सरळ. लायपोने चरबी निघते पण सैल कातडी आवळत नाही, कधीकधी जास्तच लोंबते. मग दुसऱ्या सर्जनकडे गेले, एमसीएच प्लास्टिक सर्जरीवाले (डिग्री बघाच, नुसत्या कॉस्मेटिकच्या बोर्डावर जाऊ नका). त्यांनी टेबलावर झोपवून डोकं उचलायला लावलं आणि नाभीच्या वर बोटं दाबली, तर स्नायूंमधल्या फटीत तीन बोटं आत! आणखी मूल नको हे पक्कं ना, वजन सहा महिने एका जागी आहे ना, घरात कोणी सिगरेट-तंबाखू घेतं का हे विचारत नाहीये, तुम्ही घेता का ते सांगा, असं सगळं स्पष्ट विचारलं. आणि आधी फिजिओ करा म्हणाले. केली. फट कमी झाली, पाठदुखी बरीच गेली, पण कातडी तशीच्या तशी. तेव्हा मग हो म्हटलं.

काप एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत जातो, सिझेरियनपेक्षा खूप लांब. फाकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जास्तीची कातडी काढतात, नाभी आतून तिच्या देठाला तशीच राहते, वरच्या कातडीला तिच्यासाठी नवीन भोक पाडतात. पहिले काही दिवस कमरेतून वाकूनच चालायचं, झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा. कातडीखाली साचणारं पाणी बाहेर काढायला पोटाला दोन नळ्या, टोकाला दाबून ठेवलेले प्लास्टिकचे फुगे, ते नवरा रोज सकाळी मापाच्या कपात रिकामे करायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एमएल लिहायचा, आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाणी. चोवीस तासांत 30 एमएलच्या खाली आलं तेव्हा डॉक्टरांनी नळ्या काढल्या. पहिल्याच संध्याकाळी मला उभं केलं होतं, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

ऑपरेशननंतर पोटाला घट्ट बांधायच्या बेल्टबद्दल सांगते कारण सहा आठवडे तोच अंगावर. दोन घ्या, एक धुवायला एक घालायला. आत मऊ सुती बनियन घाला नाहीतर हुकांचे वळ उठतात. आणि शक्यतो थंडीत करा, उन्हाळ्यात तो बेल्ट सहन होणार नाही.

घरात माणूस लागतंच लागतं. देवासहून आई आली म्हणून निभावलं. भरलेली बादली, मोठा कुकर, लेकरू, काही म्हणजे काही उचलायचं नाही, आणि लहान मुलाला हे समजत नाही, धाकटा पायाला मिठी मारून रडायचा तेव्हा मी खुर्चीत बसायचे आणि आई त्याला माझ्या मांडीवर द्यायची नाही, शेजारी उभं करायची. तो काळ मला वेदनेपेक्षा जड गेला.

पैशांचं म्हणाल तर मेडिक्लेम कॉस्मेटिकला पैसे देत नाही, वर 18 टक्के जीएसटी, म्हणून कोटेशन मागताना टॅक्स, भूल, बेल्ट, सगळं धरून लेखी मागा. सोबत हर्निया निघाला तर त्या भागाचं इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

आता कसं आहे? घडी गेली, पुरळ गेलं, पाठ ताठ राहते. गणपतीत दिवसभर साडीत होते. संध्याकाळी सूज यायची ती कित्येक महिने आली, सकाळी बरोबर बसलेली परकराची नाडी रात्री रुतायची. नाभीखाली अजून बधिर आहे, तिथे गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. व्रण अजून लालसर आहे, सिलिकॉन जेल लावते, तो फिका पडायला दीड वर्षसुद्धा लागतं म्हणाले डॉक्टर. मला तो चालतो, पण ज्यांना व्रणच नको त्यांनी खरंच करू नये.

माझी नणंद लगेच तयार झाली होती, पण तिला अजून एक मूल हवंय. तिला थांब म्हटलं, गरोदरपणात सगळं परत ताणलं जातं. सध्या तिला माझ्याच फिजिओकडे पाठवलंय.