एलिट डेंजरस, बरेच महिने खेळून झाल्यावर: शस्त्रं टनाने विकली पण लढाईत एक गोळी दिसली नाही

जॉयस्टिक बिघडली म्हणून एलिट डेंजरस या अंतराळात जहाज उडवायच्या गेमबद्दल हे लिहायला वेळ मिळालाय. दांडा पिळून जहाज वळवायचा ॲक्सिस आपोआप डावीकडे ओढतोय, गेममधल्या अंतराळ स्टेशनच्या दारातून आत शिरताना जहाज दर वेळी कडेला घासतंय. इथे इंदूरला जेल रोडवर एका दुकानात दाखवली तर तो म्हणाला "भिया ये तो अब डब्बा है", आणि एक्सचेंजमध्ये जो भाव बोलला तो ऐकून मी काही न बोलता परत पिशवीत घातली. आणि या गेममध्ये काय, जहाजावरची मल्टिकॅनन वाट्टेल तेवढी झाडा, नंतर दुकानात परत द्या, जेवढ्याला घेतली तेवढे सगळे क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, हातात. घसारा शून्य. इथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

बेसिक माहिती लिहीत नाही, २०१४ चा गेम, चाळीस हजार कोटी ताऱ्यांची पूर्ण साइजची आकाशगंगा, सुरुवातीला साइडवाइंडर नावाचं छोटं जहाज मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ओडिसी हा २०२१ चा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो, त्यात जहाजातून उतरून पायी फिरता येतं. मी दोन्ही सेलमध्ये घेतले, पूर्ण किमतीत घेतले असते तर रिव्ह्यू याहून कडू झाला असता. आवाज एक नंबर आहे, इंजिन कुठलं ते डोळे मिटून ओळखू येतं. ते झालं.

आता मुद्दा शस्त्रांच्या धंद्याचा. मार्केटमध्ये शस्त्रं नावाचा वेगळा विभाग आहे, त्यात बॅटल वेपन्स, पर्सनल वेपन्स, नॉन-लीथल वेपन्स, लँडमाइन्स आणि रिॲक्टिव्ह आर्मर. एखाद्या सिस्टिममध्ये, म्हणजे एखाद्या ताऱ्याभोवतीच्या वस्तीत, दोन गटांत युद्ध पेटलं की तिथे या मालाची मागणी वाढते आणि भाव चढतो. इथपर्यंत बरोबर, आमचं सियागंजात पाइप-फिटिंगचं दुकान आहे, मागणी वाढली की भाव चढणार हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून मी टाइप-६ हे मालवाहू जहाज भरभरून बॅटल वेपन्स नेली, चांगले पैसे झाले. मग म्हटलं आता जाऊन बघू तरी, आपला माल कोण वापरतंय.

तिथल्या कॉम्बॅट झोनमध्ये गेलो, बाजू निवडली. समोर तीच जहाजं, तेवढीच, आधी होती तशीच लढतायत. पायी लढायच्या झोनमध्येही गेलो, फ्रंटलाइन नावाची कंपनी लढणाऱ्यांना स्वतःच्या जहाजातून सोडते तिथे, सैनिक तेच, हातात बंदुका त्याच. माझा एवढा माल गेला कुठे? शोधल्यावर कळलं की युद्ध सुरू असताना कोण जिंकणार ते फक्त लढाईवर ठरतं, म्हणजे कॉम्बॅट बॉन्ड (शत्रू पाडल्याबद्दल मिळणाऱ्या पावत्या) आणि लढाईची मिशन्स. व्यापाराचा त्या युद्धावर काडीचा परिणाम नाही. अहो ज्या युद्धामुळे माझ्या मालाचा भाव वाढला त्या युद्धालाच माझा माल पोचत नाही! आमच्या दुकानातून गेलेला पाइप पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी बाथरूममध्ये बसलेला दिसतो, इथे टनावारी शस्त्रं स्टेशनच्या पोटात जाऊन गायब.

बरं एवढ्यावर थांबत नाही. जहाजावर माइन लाँचर बसवता येतो, त्यातले सुरुंग संपले की स्टेशनवर एक बटण दाबून भरून मिळतात. पण माझ्याच जहाजाच्या पोटात टनभर लँडमाइन्स पडल्यायत त्यातला एक नाही चालत. मान्य, ते जमिनीवरचे सुरुंग आणि हे अंतराळातले, पण मग पर्सनल वेपन्सचं काय? ओडिसीत पायोनियर सप्लाइजच्या काउंटरवर मी एकेक बंदूक विकत घेतोय, समोरच्याची शील्ड उतरवायला लेझर, शील्ड गेल्यावर अंगावर मारायला कार्मा एआर-५०, आणि त्याच वेळी पार्किंगमध्ये उभ्या जहाजात पर्सनल वेपन्सचे डबेच्या डबे. एक डबा उघडून एक पिस्तूल नाही काढता येत. उलटंही नाही, पायोनियरची बंदूक मार्केटात नेऊन माल म्हणून विकता येत नाही. दोन्ही बाजार एकाच स्टेशनच्या एकाच छताखाली, आणि एकमेकांची ओळखसुद्धा नाही.

आणि कायदा तर विचारूच नका. बॅटल वेपन्स बऱ्याच सिस्टिम्समध्ये बंदी असलेला माल आहे, पोलिसांच्या जहाजाने स्कॅन केलं की दंड. ठीक. पण स्कॅन करणाऱ्याला माझ्या जहाजाच्या नाकावर बसवलेल्या रेलगन दिसत नाहीत का, ज्या मी त्याच स्टेशनवरून पावतीसकट घेतल्यात? खोक्यातली बंदूक गुन्हा, नळी बाहेर काढलेली बंदूक चालेल.

१९८४ च्या मूळ एलिटमध्येसुद्धा फायरआर्म्स हा माल होता, आणि तो घेऊन उडालात की पोलिसांच्या यादीत नाव. पण तेव्हा तो गेम बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरच्या ३२ के मेमरीत बसवला होता, त्याच्याकडून कोण काय अपेक्षा करणार. आज आमच्याकडे गेमला लागणारी जागा बघून बायको विचारते यात नेमकं ठेवलंय काय.

बडोद्याचा माझा मामेभाऊ एक्स-फोर हा दुसरा अंतराळातला गेम खेळतो. त्याला हे सांगितलं तर तो हसत सुटला, म्हणे दादा तू नुसती हमाली करतोयस. त्याच्याकडे वेपन कंपोनंट्स बनवणारी फॅक्टरी असते, तो माल शिपयार्डला गेला तरच तिथे जहाजं तयार होतात, माल थांबला की बांधणी थांबली. म्हणजे हे करता येत नाही असं नाहीये.

---

वरचं लिहून तसंच ठेवलं होतं. मधल्या काळात जॉयस्टिकच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, नव्वद टक्के बरी झाली, जेल रोडवाल्याचा डब्बा परत उडायला लागला. आणि गेमबद्दलचं मतही थोडं हललंय.

झालं असं की मिसाइल सुधारून घ्यायला लिझ रायडर नावाची इंजिनियर लागते, युरिबिया सिस्टिममध्ये. आधी तिथल्या ब्लू माफिया या गटाशी संबंध वाढवायचे, मग ती बोलावते, आणि दार उघडायला मागते काय तर २०० टन लँडमाइन्स! वाचून मी खुर्चीतच उठून बसलो. कोणाला तरी हा माल हवाय, पैशासाठी नाही, मालासाठी. सगळीकडे मिळत नाहीत, बाजार शोधावे लागतात, पण एकदम द्यायची सक्ती नाही, थोड्या थोड्या नेल्या तरी चालतं. शेवटची खेप उतरवली आणि वर्कशॉप उघडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझा माल कुठेतरी पोचला. मिसाइल आता खरंच वेगळी लागते.

तरी खोट आहेच. ती इंजिनियर त्या सुरुंगांचं करते काय ते दिसत नाही, आणि सुधारलेला मिसाइल रॅक विकायला गेलात तर साध्या रॅकचाच भाव, तिने केलेल्या कामाची किंमत शून्य. म्हणजे वापरलेल्या बंदुकीला नव्याचा भाव, आणि सुधारलेल्या बंदुकीलाही तोच भाव. सुधारणेला लागणारं मटेरियल गोळा करायला घालवलेल्या रात्री गेल्या कुठे, हिशोब कोण देणार. त्यामुळे इंजिनियरकडून करून घेतलेलं काहीही विकू नका, स्टोरेजमध्ये टाका, पुढच्या जहाजाला लागेल.

घ्यावा का? ज्याला नुसतं उडायचंय, शांतपणे रात्री कुठेतरी लांब जायचंय त्याने डोळे मिटून घ्यावा. ज्याला व्यापारातून काहीतरी घडलेलं बघायचंय त्याने आधी विचार करा. ओडिसी पायी लढायची हौस असेल तरच, आणि सेल लागल्यावरच. आणि एक, जुनं जहाज काढायचं असेल तर आधी बिनसुधारलेल्या बंदुका, शील्ड, सगळं खोलून एकेक वेगळं विका, त्याचे पूर्ण पैसे येतात, जहाजासकट दिलंत तर दहा टक्के कापतात.