लिव्हर-पॅनक्रियाज पथ्याचा डबा : वजनकाट्यावर काय उतरलं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरगुती स्वयंपाकघरातून हा डबा निघतो आणि कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटीपर्यंत पोचतो. दोन वेळचे मिळून दिवसाला २४० रुपये. पत्रकावर 'लिव्हर आणि पॅनक्रियाजच्या रुग्णांसाठी खास पथ्य' असं छापलंय. नाव मुद्दामच देत नाही. खालचं मोजमाप घरी येणाऱ्या कुठल्याही पथ्याच्या डब्याला लावता येईल, आणि ते लावून बघावं हीच इच्छा आहे. सलग सहा दिवस, दोन्ही वेळचा प्रत्येक पदार्थ वजन करून पाहिला.

आधी जमेची बाजू. स्वयंपाक ताजा आणि हाताला चव असलेला आहे. गिलक्याची भाजी जिरं-लसणाच्या फोडणीत, वरून कोथिंबीर, तिखट नावापुरतं. दोडक्यात मुगाची डाळ. शनिवारी नागलीची मऊ भाकरी आणि सोबत दुधीची पातळ भाजी होती. आजारात तोंडाची चव गेलेली असते, त्यामुळे रुग्ण आपण होऊन दुसरा घास उचलतो का, हीच पहिली परीक्षा. त्यात डबा पास होतो. डबा स्टीलचा, झाकणं घट्ट, फुलके मलमलच्या कापडात गुंडाळलेले. पुष्कळ ठिकाणी गरम वरण पातळ प्लास्टिकच्या पिशवीत येतं, तसलं इथे काही नाही.

खरी अडचण पत्रकावरच्या 'आणि' या शब्दात आहे. यकृत आणि स्वादुपिंड पोटात शेजारी असले तरी त्यांचं पथ्य एक नाही. लिव्हर सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या, रुग्णाला भरपूर प्रोटीन, दोन खाण्यांत कमी अंतर आणि मिठावर ताबा लागतो. पॅनक्रियाटायटिसमधून, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेतून, उठलेल्या रुग्णाच्या बाबतीत फॅटचा हिशोब, छोटे-छोटे भाग आणि अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांची वेळ सांभाळावी लागते. दोघांना एकच डबा पाठवला की दोघांचंही थोडंथोडं नुकसान होतं.

दुपारच्या डब्यातून सरासरी काय उतरलं ते बघा. दोन फुलके, म्हणजे साधारण ५० ग्रॅम कणीक. भात शिजलेला १२० ग्रॅम. वरण १५० मिली, पण इतकं पातळ की डाळ जेमतेम १५ ग्रॅम. भाजी १०० ग्रॅम. ताक २०० मिली, त्यात दही ५० ग्रॅमच्या वर नाही. फुलक्यांतून ६ ग्रॅम प्रोटीन, भातातून ३, वरणातून साडेतीन, ताक आणि भाजी मिळून अडीच. बेरीज १५ ग्रॅम, आणि कॅलरी पाचशेच्या आतबाहेर. संध्याकाळचा डबाही जवळपास असाच. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम प्रोटीन आणि हजार कॅलरी.

आता गरज किती? सिऱ्हॉसिसच्या रुग्णाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन आणि ३० ते ३५ कॅलरी लागतात. ५५ किलोच्या माणसाला ६६ ते ८२ ग्रॅम प्रोटीन आणि १६५० ते १९२५ कॅलरी. पोटात पाणी झालेलं असेल तर काट्यावरचं वजन धरू नका, पाण्याशिवायचं अंदाजे वजन डॉक्टरांकडून घ्या. घरचा पोह्यांचा नाश्ता आणि चहा धरला तरी हा डबा गरजेच्या निम्म्याच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. 'हलकं' जेवण देतोय या समाधानात घरचे असतात आणि तिकडे रुग्णाच्या दंडावरचं मांस उतरत जातं. हे मांस म्हणजे नुसती ताकद नाही. यकृत थकलेलं असताना रक्तातला विषारी अमोनिया काढण्याचं बरंच काम स्नायू करतात. ते झिजले की गुंगीचा धोका वाढतो.

गुंगी येते म्हणून डाळ बंद करायची, हा सल्ला नाशिकमधल्या कितीतरी घरांत आजही पाळला जातो. तो जुना झाला. गुंगी येऊन गेलेल्या रुग्णाचंही प्रोटीन तोडायचं नसतं. मटणापेक्षा डाळी, दही, दूध, पनीर यांचं प्रोटीन त्याला जास्त मानवतं. आणि पोट रोज साफ व्हायला हवं, कारण बद्धकोष्ठानेही गुंगी येते.

दुरुस्ती अवघड नाही. वरणात माणशी ३० ग्रॅम डाळ घाला, साडेतीन ग्रॅम प्रोटीन वाढलं. सोबत ५० ग्रॅम पनीर, आणखी ९ ग्रॅम. एका डब्याचे १५ चे २७ झाले. दोन डबे आणि रात्री झोपताना २०० मिली दुधात दोन फुलके कुस्करून दिले, की नाश्ता न धरताही ६६ चा आकडा गाठला जातो. स्वयंपाकघराला हे सांगितल्यावर घट्ट वरण द्यायला ते लगेच तयार झाले, पनीरचे वेगळे ३० रुपये लावले. रास्त आहे.

झोपतानाची दूध-पोळी का, तर डब्याच्या वेळेमुळे. पोरं आधी पंचवटी, मग द्वारका, मग इंदिरानगर असं फिरतात, म्हणून रात्रीचा डबा पावणेसातला येतो. गरम आहे तोवर रुग्ण जेवून घेतो. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता साडेआठ-नऊला. मध्ये तेरा-चौदा तासांचा उपास. निरोगी यकृत रात्रभर पुरेल इतकी साखर साठवून ठेवतं. सिऱ्हॉसिसमध्ये तो साठा फार लवकर संपतो आणि शरीर आपलंच मांस जाळायला घेतं. अशा रुग्णाला रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका पडतो. म्हणून झोपण्याआधी ५० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. दूध-पोळी, नागलीच्या सत्त्वाची दुधातली पेज, सातूचं पीठ, जे आवडेल ते. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, सगळं या काळात बाजूला ठेवा. भगर खाऊन उपास केला तरी दोन खाण्यांमधलं अंतर वाढतंच.

मिठाकडे वळू. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला दिवसाला एकूण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पदार्थांत आधीपासून असलेलंही धरायचं. डब्यातल्या भाज्या बेताच्या खारट होत्या. पण प्रत्येक डब्यात एक भाजलेला पापड आणि लोणच्याची पुडी, आणि बुधवारी सोडा घातलेला ढोकळा! पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, जिभेला ते कळत नाही एवढंच. 'आम्ही सैंधव वापरतो' असं पत्रकावर अभिमानाने लिहिलंय. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे, पाणी तेही धरून ठेवतं. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि पोटातलं पाणी उतरवायच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. लिंबू, आमसूल, आलं, ओवा, भाजलेलं जिरं यांनी चव भागते. मात्र मीठ इतकंही तोडू नका की रुग्ण ताटच सरकवेल. न जेवण्याने होणारं नुकसान थोड्या मिठाच्या नुकसानीपेक्षा मोठं आहे. पापड आणि लोणचं आमच्या सांगण्यावरून चौथ्या दिवशी बंद झालं.

कावीळ झालेल्यांसाठी हे लोक हळद पूर्ण वगळतात. पिवळं खाल्लं की पिवळेपणा वाढतो, या समजुतीपोटी. डोळे पिवळे होतात ते रक्तात साचलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यामुळे, फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ही मात्र वेगळी गोष्ट, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. त्या नकोत. तसंच साध्या कावीळीत तेल शून्य करायची गरज नसते. मळमळ आहे तोवर रुग्णच तळलेलं नाकारतो, ती गेली की माणशी दोन-तीन चमचे तेल दिवसाला खुशाल द्या. उसाचा रस द्यायचाच असेल तर घरी काढलेला. रसवंतीवर बर्फ आणि पाणी कुठलं हे आपल्या हातात नसतं, आणि कावीळीचे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातूनच पसरतात.

डब्यासोबत आठवड्यातून दोनदा 'यकृतासाठी मोफत' गुळवेलीच्या काढ्याची बाटली येते. या डब्यातली सगळ्यांत गंभीर चूक हीच. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. ज्याचं यकृत आधीच दुखावलंय त्याला अशी बाटली भेट म्हणून पाठवायची? ती ओतून द्या आणि स्वयंपाकघराला तसं स्पष्ट कळवा.

आता स्वादुपिंड. अक्यूट, म्हणजे अचानक आलेल्या, पॅनक्रियाटायटिसच्या सौम्य झटक्यानंतर दुखणं कमी झालं की मऊ, कमी फॅटचं जेवण लवकर सुरू करतात, आठवडाभर नुसत्या पाण्यावर ठेवत नाहीत. सुरुवातीला दिवसाची एकूण फॅट साधारण ३० ते ५० ग्रॅममध्ये ठेवतात. 'एका डब्याला एकच चमचा तेल' हा यांचा दावा खरा आहे. एक छोटा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम. पण मंगळवारी कोबीच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट होतं. बोटांत चिमूट धरून चोळली की बोटांना चकाकी येते, तिथेच कळतं. २० ग्रॅम कुटात १० ग्रॅम तेल असतं, म्हणजे दोन चमच्यांपेक्षा जास्त. गुरुवारच्या आमटीला काळा मसाला, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, ज्यात निम्म्याहून जास्त फॅट. तेलाचा चमचा मोजला आणि कूट-खोबरं मोजलंच नाही.  

दुधाचंही तसंच. दिवसाला ४०० मिली फुल क्रीम दुधातून २४ ग्रॅम फॅट जाते, डबल टोन्डमधून ६. प्रोटीन दोन्हींत सारखंच. म्हणून या रुग्णाला वर सांगितलेलं पनीर साय काढलेल्या दुधाचं लागेल, नाहीतर उकडलेल्या दोन अंड्यांचा पांढरा भाग, त्यात ७ ग्रॅम प्रोटीन आणि फॅट जवळजवळ नाही.

क्रॉनिक, म्हणजे जुनाट, पॅनक्रियाटायटिसमध्ये हिशोब पुन्हा बदलतो. शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल आणि वजन उतरत असेल तर जेवणातलं तेल आणखी कापत बसू नका, एन्झाइमचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेज (फॅट पचवणारं एन्झाइम) आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं, इथून सुरुवात करतात. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, एकाहून जास्त असतील तर बाकीच्या कॅप्सूल जेवणाच्या मध्यावर. अर्धा तास आधी घेतली तर अन्न पोचायच्या आत वाया जाते. चावायची नाही, गरम चहाबरोबर गिळायची नाही. पाकीट गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या पुढे जातो आणि उष्णतेने एन्झाइम निकामी होतात.

अशा रुग्णाला या डब्यातला कोंड्याचा फुलका आणि वाटीभर कच्ची कोशिंबीर बाधते. फार चोथा असला की एन्झाइमचं काम अडतं आणि पोट लवकर भरतं. लिव्हरच्या रुग्णाला कोंडा उपयोगी, याला नाही. एका डब्यात दोघांचं भागत नाही ते असं. कोशिंबीर खरं तर दोघांनाही शिजवलेलीच द्यावी, आजारात कच्च्या भाजीतून जंतुसंसर्गाची भीती असतेच.

स्वादुपिंडामुळे मधुमेह झालेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जेवणाआधीचं इन्सुलिन डबा दारात आल्यावरच टोचा. सहा दिवसांत दोनदा दुपारचा डबा द्वारका चौकातल्या कोंडीमुळे पाऊण तास उशिरा आला. आधी टोचून बसलेल्या माणसाची साखर एवढ्या वेळात धोकादायक उतरू शकते, आणि या मधुमेहात ती पटकन उतरते. उशिरा आलेलं वरण कोमटही होतं. कोमट अन्न दोन तासांवर गेलं की जंतू वाढतात, म्हणून वरण-आमटी उकळी फुटेपर्यंत गरम करूनच वाढा.

थोडक्यात सांगायचं तर, कावीळीतून उठणाऱ्याला आणि फॅटी लिव्हरवाल्याला काढ्याची बाटली सोडून हा डबा आहे तसा चालेल. पॅनक्रियाटायटिसवाल्याने 'कूट नको, खोबरं नको, कोंडा नको, जेवण तीन छोट्या डब्यांत भागून द्या' असं सांगून घ्यावा. सिऱ्हॉसिसवाल्याने घट्ट वरण, पनीर आणि झोपतानाचं खाणं जोडल्याशिवाय याच्यावर विसंबू नये. दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, काळं शौच, ताप किंवा पाठीत जाणारी पोटदुखी दिसली तर डब्याचा विचार सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

रविवारी संध्याकाळी डबा बंद असतो. त्या वेळेसाठी ४० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम सालाशिवायची मूगडाळ धुऊन, एक छोटा चमचा तेलात जिरं-हिंग-हळदीची फोडणी देऊन, ४०० मिली पाण्यात कुकरला चार शिट्ट्या काढा. झाकण उघडल्यावर डाव फिरवला की खिचडी ओघळायला हवी, घट्ट वाटली तर गरम पाणी घाला. सोबत १५० ग्रॅम घरचं दही. पंधरा ग्रॅम प्रोटीन झालं, आणि दहाच्या सुमारास दूध-पोळी आहेच.