बोंडं आत असतील तर: शील्ड, सिरिंज की ऑपरेशन?

सातवा महिना लागला की पाळणा कुठला, दुपटी किती, बाळंतपण माहेरी की सासरी याची चर्चा घरभर चालते. छातीची बोंडं, म्हणजे निपल, आत वळलेली आहेत ही गोष्ट मात्र बाई फार तर एका मैत्रिणीला सांगते, तीही दार लावून. मग बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट, बाळ रडून लालबुंद, आणि आजूबाजूच्या चार बायका चार उपाय सांगायला हजर. त्या गोंधळात निर्णय घेण्यापेक्षा आधीच घेतलेला बरा, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. यातून गेलेली सोलापूरची एक आई आहे, एवढंच.

आधी आपला प्रकार ओळखा. बोंडाभोवतीच्या काळ्या गोलाच्या कडेला अंगठा आणि बोट ठेवून हलकं दाबायचं. कोरियातल्या हान आणि हाँग या सर्जनांनी १९९९ मध्ये केलेली तीन प्रकारांची वाटणी आजही वापरतात: पहिल्यात बोंड सहज बाहेर येतं आणि थोडा वेळ टिकतं, दुसऱ्यात येतं पण सोडलं की लगेच आत जातं, तिसऱ्यात ओढूनही नीट येत नाही. आतल्या आखूड दूधनळ्या आणि तंतू बोंडाला मागे धरून ठेवतात, म्हणून हे होतं. पहिला प्रकार असेल तर खरं म्हणजे काही विकत घ्यायची गरजच नाही. बाळ नुसतं बोंड चोखत नाही, काळ्या गोलाचा बराचसा भाग तोंडात घेऊन चोखतं. जन्मल्याबरोबर अंगाला अंग लावून धरलं आणि पकड नीट शिकवली की पुष्कळांचं काम तिथेच होतं.

एक गोष्ट मात्र वेगळी. जन्मापासून किंवा वयात आल्यापासून असं असेल तर घाबरायचं काही नाही. पण पूर्वी बाहेर असलेलं बोंड आता, आणि तेही एकाच बाजूचं, आत ओढलं गेलं असेल, गाठ लागत असेल, रक्तासारखा स्राव येत असेल किंवा कातडीला खळगा पडला असेल, तर यातलं काही करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. कर्करोगाचं ते लक्षण असू शकतं. पुरुषांनाही हेच लागू.

आता पर्याय. गरोदरपणात दोन्ही अंगठ्यांनी काळा गोल ताणायचा व्यायाम आणि ब्लाउजच्या आत घालायची प्लास्टिकची कवचं, हे दोन्ही मी दोन वाक्यांत निकालात काढते. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये ९६ गरोदर बायकांवर त्यांची रीतसर चाचणी झाली. फायदा दिसला नाही, उलट कवचं सुचवलेल्या बायकांपैकी सहा आठवड्यांनी अंगावर पाजणाऱ्या कमीच निघाल्या. त्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात ब्लाउजच्या आत प्लास्टिकची वाटी ठेवायची म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

खरी निवड शील्ड आणि सिरिंज यांच्यात आहे.

शील्ड म्हणजे सिलिकॉनची पातळ टोपी, टोकाला भोकं असलेली. तिची बाजू आधी मांडते, कारण तिला उगाच नावं ठेवायची नाहीत. पहिल्याच दिवशी बाळाच्या तोंडात काहीतरी ठोस लागतं, ते चोखायला लागतं, आणि आईचा जीव भांड्यात पडतो. माझ्या नणंदेने तिची दोन्ही मुलं याच टोपीवर वाढवली. वजनाने कमी असलेल्या, लवकर जन्मलेल्या बाळांना तर डॉक्टर स्वतःच सुचवतात. लावायची पद्धत एकदा हाताला बसावी लागते: टोपी अर्धी उलटी करायची, कडेला पाण्याचा हात लावायचा आणि बोंडावर ठेवून सुलटी होऊ द्यायची, म्हणजे थोडं बोंड आत खेचलं जातं. नुसती वरून चिकटवली तर दूध नीट येत नाही.

पण माझं बाळ एप्रिलअखेरीस झालं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वरच असतो, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. आता बघा. रात्री बाळ उठतं. घाम आलेला, कड चिकटत नाही. कशीबशी बसवली की बाळाची मूठ येते आणि टोपी उडवते. ती पडते गोधडीवर, पारदर्शक, अंधारात दिसत नाही. मोबाइलचा उजेड पाडून शोधायची, टोकात साठलेलं दूध तोवर अंगावर सांडलेलं. मग साबणाने धुवा, उकळा, निववा. सगळं साठवणीच्या पाण्यातून, म्हणजे घागर किती उरली याचा हिशेब डोक्यात ठेवून. बाळ तोवर आख्खी गल्ली जागी करतं. दोन टोप्या ठेवल्या तर दोन्ही उकळायला पडलेल्या असायच्या. दूध कमी, वेदना, झोपमोड, हे सगळं मी सोसलं असतं. रात्री अडीच वाजता गॅसपाशी उभं राहून टोपी उकळण्याने माझा निकाल लावला. ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे आणि रात्री कोणी मदतीला उठतं, त्यांना हे इतकं जाचणार नाही, हे मान्य.

दुसरं म्हणजे बाळाला टोपीची सवय लागते आणि ती सोडवताना पुन्हा रडारड. टोपी वापरणार असाल तर बाळाचं वजन नियमित करा आणि लघवीकडे लक्ष ठेवा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा.

सिरिंजचा उपाय आपल्या शेजारचाच आहे. कर्नाटकातल्या दावणगिरीच्या (हो, लोणी डोशाच्याच) बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९३ मध्ये मांडला. अभ्यास मोजक्याच बायकांवरचा होता, पण पद्धत इतकी साधी आणि स्वस्त की पुढे ती दूरवर पोचली. १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज, बोंडाच्या आकाराप्रमाणे. सुई फेकायची. सुई लावायच्या बाजूचं टोक कापायचं, दट्ट्या बाहेर काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा. म्हणजे मूळची गुळगुळीत, पसरट कड छातीकडे येते. कापलेली कड अंगाला कधीच लावायची नाही, ती चिरते. ब्लेडशी झटापट करण्यापेक्षा नर्सताईंकडून कापून घ्या. पाजण्याआधी बोंडावर ठेवून दट्ट्या हळू मागे ओढायचा, अर्धा ते एक मिनिट धरायचा. दुखलं की थांबायचं. काढताना आधी दट्ट्या पुढे ढकलून हवा सोडायची, तसंच उपटायचं नाही. बोंड बाहेर असतानाच बाळाला लावायचं.

पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिलं तेव्हा दारातूनच ओरडल्या, “काय करालीस गं, सुई टोचून घ्यालीस का काय?” शेजारच्या पद्मशाली काकूंनी मात्र शांतपणे हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, “कितीला मिळाली?” दोन कप चहाच्या पैशांत मिळाली, हे ऐकून त्यांनी मान डोलावली.

तोटेही सांगते. पहिले काही दिवस बोंड बाहेर येतं आणि बाळ तोंड उघडेपर्यंत परत आत. चिडचिड होते. जोर लावला तर कातडी सुजते, चीर पडते. तिसऱ्या प्रकारात कितपत उपयोग होईल, शंका आहे. आणि गरोदरपणातच सुरू करू नका. बोंडांना चाळवल्याने कळा येऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. पण माझा दुसरा प्रकार होता, आणि बाळ जसं जोराने चोखायला लागलं तसं सिरिंजचं काम त्यानेच हातात घेतलं. धुवायची होती तीही दिवसा, निवांत. बाळाच्या तोंडात ती जात नाही, त्यामुळे अंधारात शोधाशोध नाही. दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या पिशवीत ती मी आधीच टाकली होती.

हाताने चालवायचा दूध काढायचा पंप घरात असेल तर तोही पाजण्याआधी एखाद-दोन मिनिटं लावून हेच काम करतो. बोंड बाहेर ओढणारी छोटी तयार साधनंही मिळतात, ब्रिटिश प्लास्टिक सर्जन डग्लस मॅकजॉर्ज यांनी १९९० च्या दशकात काढलेल्या टोपणासारखी. तत्त्व तेच, किंमत बरीच जास्त. आणि काहीच जमेना तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, त्यात कमीपणा काही नाही.

राहिलं ऑपरेशन. कायमचा उपाय हवा असेल, विशेषतः तिसऱ्या प्रकारात, तर तोच. बहुधा जागा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. बोंडाच्या बुडाशी छोटी चीर, धरून ठेवणारे तंतू मोकळे करायचे आणि आतून टाक्यांचा आधार द्यायचा. नळ्या कापल्या तर त्या बाजूने पाजणं पुढे अवघड किंवा अशक्य. नळ्या वाचवून करण्याची पद्धत आहे, तिच्यात पुन्हा आत जाण्याची शक्यता जास्त. संवेदना कमी होऊ शकते तेही खरं. लग्न ठरायच्या आधी मुलीचं “उरकून घ्यावं” म्हणणारे पालक मी पाहिलेत. मुलं व्हायची असताना ही घाई मला पटत नाही. मुलीला स्वतःला मनापासून हवं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सर्जनना थेट विचारा: नळ्या कापणार की वाचवणार? तिसऱ्या प्रकारात कधी कधी ते टेबलावरच कळतं, पण तसं आधी मोकळेपणाने सांगणारे सर्जन निवडा. उत्तर टाळलं गेलं तर पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन दुसरं मत घ्या. इतर दुखण्यांसाठी आपण जातोच की.