लेखी नकार आणा, मग पैसे परत

मुलगी बारावीत गेली त्या उन्हाळ्यात घरी एक पत्र आलं. स्कॉलरशिपच्या अंतिम फेरीसाठी तिची निवड झाली आहे, पालकांना घेऊन मोफत सेमिनारला या. तिने कुठे अर्जच केला नव्हता! तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. पण आम्ही दोघंही भारतात शिकलेले. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाचं ओ की ठो माहीत नाही, आणि फीचे आकडे बघून झोप उडालेली. गेलो.

हॉटेलच्या हॉलमध्ये तासभर स्लाइड दाखवल्या, मग एकेका कुटुंबाला वेगळ्या टेबलाशी बसवलं. "हा दर फक्त आज." स्कॉलरशिप मिळाली नाही तर पूर्ण पैसे परत, असं करारावर ठळक छापलं होतं. मी तिथल्या तिथे 1200 डॉलर बँक खात्यातून पाठवले. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान कार्ड कंपनीकडे दाद मागता आली असती.

हाती आली 60 स्कॉलरशिपची यादी. मुलीने रात्री बसून एकेक तपासली. कितीतरींची मुदत उलटून गेलेली, काही दुसऱ्या राज्यांतल्या मुलांसाठी, काही नर्सिंगच्या. उरलेल्या तिच्या शाळेत काउन्सेलरच्या खोलीबाहेर फळ्यावर लावलेल्या होत्या.

पैसे परत मागितले तर नववं कलम पुढे केलं. यादीतल्या प्रत्येक ठिकाणी अर्ज केल्याचा पुरावा आणि प्रत्येकाचं लेखी नकारपत्र हवं. अहो, निवड झाली नाही तर कितीतरी ठिकाणांहून साधं उत्तरही येत नाही. नकारपत्र आणायचं कुठून?

त्याहून मोठी चूक म्हणजे, 'फाफ्सा (FAFSA, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) आम्ही भरतो' म्हणून सेमिनारवाल्यांनी मुलीचे आणि माझे लॉगिन, पासवर्ड मागून घेतले आणि आम्ही दिले. फाफ्सातला पहिला एफ 'फ्री'चा आहे, हे मला काउन्सेलर बाईंनी सांगितलं. सरकारच्या स्टुडंटएड डॉट गव्हवर तो फुकट भरता येतो. ते लॉगिन म्हणजे आपली कायदेशीर सही, कुणालाही द्यायची नसते. (काही कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीचा आणखी एक वेगळा अर्ज, मागतात. त्याला कॉलेज बोर्ड ही संस्था फी घेते, ती फी खरी आहे. त्यात गोंधळू नका.)

फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार नोंदवताना कळलं की 'हमखास मिळेल', 'ही माहिती दुसरीकडे मिळणार नाही', न भरलेल्या अर्जावर 'निवड' या सगळ्यांबद्दल ते कधीपासून सावध करत आहेत. आम्हाला तिन्ही ऐकवलं होतं, आणि मी मान डोलावत होते.

बाईंनी समोर बसवून पासवर्ड बदलायला लावले, फाफ्सा ओळ न् ओळ तपासला. उत्पन्नाचा एक आकडा चुकीचा होता, तो दुरुस्त केला. एक पैसा घेतला नाही. 1200 डॉलर गेले ते गेलेच. करार मात्र मी जपून ठेवलाय. असं पत्र तुमच्याकडे आलं असेल तर सही करण्याआधी मला विचारा, नववं कलम वाचून दाखवते.