नेरूळमधला जाळीवाला: काम चोख, पण बाथरूमचं माप आठवणीने द्या

नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला ॲल्युमिनियम सेक्शनचं एक छोटं दुकान आहे. घरातल्या सगळ्या खिडक्यांना त्यांच्याकडून डासांची जाळी बसवून घेतली. अख्खा पावसाळा गेला, आता खात्रीने लिहिते.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जाळीवर खर्च करायचं कारण माझ्यापुरतं स्पष्ट होतं. प्लगमध्ये लावायच्या लिक्विडमध्ये बहुतेक ट्रान्सफ्लुथ्रिन असतं. ते पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातलं. हे औषध डासाच्या मज्जातंतूंमधल्या सोडियम चॅनेलवर, म्हणजे संदेश वाहण्यासाठी सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांवर, काम करतं. त्या चॅनेलच्या जनुकात एखादा बदल झाला की औषधाची पकड ढिली पडते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसमध्ये 1016 आणि 1534 या जागांवरचे (हे चॅनेलच्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे क्रमांक), तर गटारातल्या क्युलेक्समध्ये 1014 वरचे असे बदल भारतातही सापडले आहेत. घरोघरी एकाच गटातलं औषध चालू राहिलं की बाकीचे मरतात आणि हे बदल असलेल्यांचीच वीण वाढते. त्यात एडिस सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणजे एकाच शहरात दोन वस्त्यांमधले डास औषधाला वेगवेगळी दाद देऊ शकतात. इंचाला 18 × 16 घरांची जाळी असली की जनुक कुठलंही असो, डास बाहेरच राहतो.

दुकानदारांनी आधीच सांगितलं, "ताई, डास जाळीतून येत नाही, फटीतून येतो." बसवून झाल्यावर त्यांनी दिवे बंद केले, पोऱ्याला गॅलरीत टॉर्च घेऊन उभं केलं आणि सरकत्या झडपांच्या सांध्यात जिथे उजेड दिसला तिथली ब्रशपट्टी काढून जाड लावली. एवढी मेहनत हल्ली कोण घेतं! खाडीच्या खाऱ्या हवेत साधी जाळी गंजते, म्हणून 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्या असंही त्यांनीच सुचवलं. महाग पडली, पण अजून एक डाग नाही.

टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडालाही उरलेला तुकडा क्लॅम्पने आवळून दिला. याचं मला फार अप्रूप वाटलं, कारण शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी डास अशाच टाक्यांत अंडी घालतो.

तारखा मात्र दोनदा पुढे ढकलल्या. आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीचं माप ते आपणहून घेत नाहीत; पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्या एका खिडकीसाठी वेगळी फेरी आणि वेगळी मजुरी पडते.