निसर्गचित्र शिकायचंय: फोटो समोर ठेवून की जागेवर बसून?

इलेमेंटरी-इंटरमिजिएट कधीतरी दिलेली आहे, जलरंगांची पेटी घरात आहे, कागदाचा प्रश्नही मिटलेला आहे. आता लँडस्केप जरा मनावर घ्यायचं ठरलं की पहिला पेच असतो तो सरावाचा. रात्री घरी बसून फोटोवरून चित्रं करत राहायची, की रविवारी पहाटे उठून स्पॉटवर जायचं? दोन्ही मी मनापासून केलं आहे. माझा कल पुढे कळेलच, पण फोटोची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

नोकरी करणाऱ्याला जेवणं आटोपल्यावर मिळाला तर तासभर मिळतो. त्या तासात नदी, घाट, डोंगर काही समोर येत नाहीत, फोटो येतो. जून ते सप्टेंबर तर बाहेर कागद उघडण्याची सोयच नसते. फोटोतला ढग हलत नाही, त्यामुळे एकच आकाश आठवडाभर रोज रंगवता येतं आणि वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरावर, हात बसतो. ओल्यावर ओला रंग सोडायचा, तो किती पसरतो ते बघायचं, असली कामं घरच्या टेबलावरच नीट होतात. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिला की कुठला मास (सलग मोठा आकार) गडद आणि कुठला फिका हेही चटकन समजतं. शिवाय एकट्या बाईने नदीकाठी दोन-तीन तास बसणं आपल्याकडे अजून सोपं नाही. जवळ स्वच्छतागृह नसतं, आणि मागे येऊन उभे राहणारे सगळेच चित्र बघायला येतात असं नाही. त्यामुळे घरी बसून शिकणाऱ्याला कमी लेखणं मला पटत नाही.

मला मात्र फोटोचा एक त्रास सोसवेना.

खडकवासल्याच्या पाण्याकाठी उभं राहून सिंहगडाकडे बघा. गड नजरेत भरतो, टीव्हीचा मनोराही ठळक दिसतो. आता तिथूनच फोनवर फोटो काढा आणि घरी येऊन उघडा. गड एवढासा झालेला असतो. खाली पाणीच पाणी, वर आकाशच आकाश आणि मध्ये एक बारीक पट्टी. फोनचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो, फुल-फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या चौकटीच्या) हिशोबात साधारण २४ ते २८ मिलिमीटरच्या लेन्सइतका. तो जवळचं सगळं चौकटीत घेतो, त्यात लांबचं आक्रसतं. आपली नजर तशी बघत नाही. ती गडावर जाऊन थांबते आणि पाण्याला फारशी जागा देत नाही. दोनपट झूम केलं तर डोंगर सुधारतो, पण मग काठावरची झाडं चौकटीबाहेर जातात. ‘मग चित्रात डोंगर वाढवून घ्या’ असं सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण किती वाढवायचा? ते ठरवायला तिथे बसून एकदा तरी पेन्सिलने मोजलेलं असावं लागतं. नेटवरून उतरवलेल्या फोटोच्या बाबतीत तर तेही हातात नसतं. फोटोवरून केलेल्या माझ्या चित्रांत डोंगर कायम बुटके निघत, आणि रंग कितीही चांगला लागला तरी ती मला खोटी वाटत.

सावल्यांची गोष्टही याच जातीची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा घाट आहे, काळ्या दगडाचा. सकाळच्या उन्हात त्याच्या पायऱ्यांचा उजेडातला भाग करडा-पिवळसर दिसतो. सावलीतल्या उभ्या बाजू बघाव्यात तर वरच्या कडेला आकाशाची निळसर झाक असते आणि खाली, पुढच्या पायरीवरून परतलेल्या उन्हामुळे, त्याच सावलीत तांबूस ऊब येते. एका हातभर दगडात इतकं असतं. फोटोत तिथे काळं भोक पडतं. नवे फोन एचडीआरने, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करून, ते भोक उजळवतात खरे, पण मग आकाश आणि सावली एकाच पातळीवर येतात आणि ऊन निघून जातं. शिकणारा माणूस समोर दिसतं तेच रंगवणार. त्याच्या सावल्या काळ्या आणि मेलेल्या येतात, आणि दोष तो आपल्या ब्रशला देत राहतो.

स्पॉटवर सगळं आलबेल असतं असं नाही. ऊन फिरतं, दोन तासांत सावल्या दुसऱ्या बाजूला सरकतात. फ्रेंच चित्रकार मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची मालिका करत असताना उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपण निदान पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या जागा पेन्सिलीने पक्क्या कराव्यात आणि नंतर त्यांना हात लावू नये. एप्रिलमध्ये वॉश दुसऱ्या टोकाला पोहोचायच्या आत वाळतो, डिसेंबरच्या सकाळी वाळता वाळत नाही. कागदावर थेट ऊन पडलं तर डोळे दिपतात, रंग आहे त्याहून फिका वाटतो, हात गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. म्हणून आधी स्वतःसाठी सावली शोधायची, मग दृश्य. बघ्यांची सवय होते. लहान मुलं तर बहुधा नेमकं बोलतात: ‘काका, ते देऊळ वाकडं आहे.’

तरी या त्रासांतून काहीतरी हाती लागतं. ऊन पळतंय म्हटल्यावर माणूस पानं मोजत बसत नाही, झाडाचा एक मास टाकतो. चित्रकार आबालाल रहमान कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने चित्रं करत हिंडायचे. पाण्यावरचा तो उजेड तिथे बसल्याशिवाय सापडला असता असं मला वाटत नाही.

आता निवडायचं कसं? आठवड्यात एक सकाळही मोकळी होत नसेल, तर फोटोवरून खुशाल करा, फक्त फोटो स्वतः काढलेला असावा आणि काढताना त्या जागी पाच मिनिटं निवांत बघितलेलं असावं. महिन्यातून दोन सकाळी जरी मिळत असल्या, तरी माझं मत स्पॉटच्या बाजूने पडेल, आणि फोटो पावसाळ्यासाठी राखून ठेवावा असं सुचवेन. एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर मुंबई-पुण्यात एकत्र जाऊन स्केचिंग करणारे गट आहेत, त्यांच्याबरोबर सुरुवात करावी.

सुरुवातीला मोठा कागद नेऊ नका. पोस्टकार्डाएवढे चार-पाच तुकडे, एक मोठा गोल ब्रश, पाण्याची बाटली आणि जुनं फडकं पुरतं. नोव्हेंबरात, सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान, घराजवळचं एखादं देऊळ किंवा ओढ्यावरचा पूल पकडा. पहिल्या तुकड्यावर रंग नको, नुसती पेन्सिल: डोंगर देवळाच्या किती पट उंच आहे, एवढंच हात लांब करून मोजा.